आधी जागा, मग विषय: नागरी परिसंस्थेच्या संशोधनात पाऊल टाकताना

नागरी परिसंस्थेवर, म्हणजे शहरातली झाडं, प्राणी, माती, पाणी आणि माणसं यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यावर, पीएचडी करायची म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यांच्याकडे विषय तयार असतो, जागा नसते. ‘शहरातली जैवविविधता’, ‘हवामानबदल आणि शहरं’, ‘शाश्वत विकास’ अशी नावं वहीत लिहिलेली असतात. मी त्यांना ती वही मिटायला सांगते आणि विचारते, पुढची दहा वर्षं तुम्ही कुठे जाऊ शकाल? एखादा ओढा, रेल्वेच्या रुळांलगतची पडीक पट्टी, जुनी दफनभूमी, रस्त्याकडेच्या झाडांची एखादी रांग, काहीही चालेल. पण ती जागा घरापासून किंवा कामापासून सहज पोहोचता येण्याजोगी हवी आणि तिथे जायची परवानगी लेखी हवी.

शहरात एका सहीने ओढा बंदिस्त होतो, एका निविदेने झाडांची रांग जाते. बदल घडून गेल्यावर तिथे पोहोचलेल्या अभ्यासकाच्या हाती फक्त ‘नंतर’ लागतं. ‘आधी’ काय होतं, हे तिथे आधीपासून जात असलेल्यालाच सांगता येतं. या क्षेत्रातलं मोठं काम अशाच चिकाटीतून उभं राहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेलं होतं. तिथल्या वनस्पतीशास्त्रज्ञांना शहराबाहेर जाऊन काम करणं अवघड होतं. हर्बर्ट सुकोप आणि त्यांचे सहकारी बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर आणि पडीक जागांवर काय उगवतं ते नोंदवत राहिले. त्यातून शहरातल्या अधिवासांचे नकाशे तयार झाले आणि पुढे बर्लिनच्या नियोजनात ते वापरलेही गेले.

जागा ठरली की प्रश्न. माझ्या मते चांगला प्रश्न असा मिळतो: जंगलात किंवा शेतीच्या प्रदेशात पक्का झालेला एखादा नियम घ्या आणि तो तुमच्या जागेत टिकतो का ते तपासा. अमेरिकेत बाल्टिमोर शहराचा दीर्घकालीन अभ्यास 1997 मध्ये सुरू झाला. त्यातलं ओढ्यांवरचं काम मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावते. ओढ्याकाठची झाडी पाण्यातलं नायट्रेट (जास्त झाल्यास पाणी बिघडवणारं नायट्रोजनचं संयुग) कमी करते, हे तोवर सर्वमान्य होतं. काठाची माती ओली असते, तिच्यात प्राणवायू कमी आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर असतं. तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. शहरात मात्र छपरांवरचं आणि डांबरावरचं पाणी पावसाबरोबर एकदम ओढ्यात येतं, पात्र खोल कापलं जातं, काठाखालची पाण्याची पातळी उतरते आणि माती कोरडी पडते. झाडी दिसायला तशीच हिरवी, पण जिवाणूंचं ते काम मंदावलेलं. पीटर ग्रॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवल्यावर नुसती काठावर झाडं लावून ओढा सुधारेल या गृहीतकाला मोठा धक्का बसला. असा एक प्रश्न नीट सुटला तर त्यावर पुढची कित्येक वर्षं उभी राहतात.

आता ज्या भागाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, त्याबद्दल. शहरात झाड कुठे आहे हे माती आणि पाऊस यांच्याइतकंच माणसांच्या निर्णयांनी ठरतं. म्हणून नागरी परिसंस्थेच्या अभ्यासकाला दप्तरखान्यात बसता आलं पाहिजे. जुने नकाशे, झाडांच्या नोंदवह्या, बांधकाम परवानग्या, सांडपाण्याच्या वाहिन्यांचे आराखडे हे तुमचं क्षेत्रकामच आहे. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वस्तीतल्या वनस्पतींची विविधता तिथल्या कुटुंबांच्या उत्पन्नाशी जोडलेली आढळली. 1930 च्या दशकात अमेरिकेत गृहकर्जासाठी वस्त्यांची प्रतवारी करणारे नकाशे बनले. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या अनेक वस्त्या त्यात लाल रंगाने ‘धोकादायक’ ठरवल्या गेल्या. 2020 मध्ये संशोधकांनी 108 शहरांचे असे नकाशे आणि उपग्रहाने मोजलेलं तापमान एकमेकांवर ठेवून पाहिलं. लाल वस्त्यांची जमीन सर्वोत्तम ठरवलेल्या वस्त्यांपेक्षा सरासरी सुमारे 2.6 अंश सेल्सिअसने अधिक तापलेली होती. नुसती झाडं मोजून हे कारण कधीच सापडलं नसतं. हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या तलावांचा अभ्यास करताना जुने नकाशे, अभिलेख आणि लोकांच्या मुलाखती यांना प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली. नवख्या अभ्यासकाने तो नमुना समोर ठेवावा. मुलाखती घेणार असाल तर तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधीच घ्या, तिला वेळ लागतो.

मोजमापाबद्दल थोडं काटेकोर बोलते, कारण समीक्षक इथेच अडवतात आणि योग्य करतात. उपग्रह पृष्ठभागाचं तापमान सांगतो. म्हणजे छपराचं, रस्त्याचं, झाडाच्या शेंड्याचं. झाडाखाली उभ्या माणसाला लागणारी हवा वेगळी. लँडसॅट उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, आणि हवेतलं उष्णतेचं बेट (आसपासच्या गावांपेक्षा शहर अधिक गरम असणं) सर्वात ठळक असतं ते निरभ्र, वारा पडलेल्या रात्री. त्यामुळे उपग्रहाचं चित्र आणि जमिनीवरचे तापमापक हे दोन्ही ठेवा आणि निबंधात कुठला आकडा कशाचा आहे ते स्वच्छ लिहा. तापमापकाला उन्हापासून आडोसा हवा, नाहीतर तो हवेऐवजी स्वतःचंच तापमान दाखवतो. रस्त्याकडेच्या झाडांवर मी काम करते. तिथे खोडाचा घेर दरवेळी त्याच उंचीवर, जमिनीपासून 1.3 मीटरवर घ्यायचा आणि बुंध्याभोवती उघडी माती किती आहे तेही मोजायचं. काही दिसलं नाही तर ‘शून्य’ लिहायचं. रिकामी ओळ आणि शून्य यांत फरक असतो. पाहणी झाली आणि पक्षी नव्हता, हे शून्यातूनच कळतं.

शहराच्या मध्यापासून गावाकडे जाणारी एक रेषा आखून तिच्यावर नमुने घेण्याची पद्धत मार्क मॅकडॉनेल आणि स्टुअर्ट पिकेट यांनी 1990 मध्ये मांडली. अजूनही ती उपयोगी आहे. पण बहुतेक शहरं मध्यातून बाहेर अशी एकसारखी विरळ होत जात नाहीत. तुमचं होत नसेल तर अंतराऐवजी फरसबंदीचं प्रमाण, झाडांची सावली किंवा घरांची दाटी मोजा.

काम छोटं असलं तरी लाजू नका. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रिएट पेट यांनी ग्रेट टिट पक्ष्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. गोंगाटाच्या जागी नर वरच्या पट्टीत गातात, हे 2003 मध्ये एका छोट्या निबंधात आलं, आणि जगभरच्या ध्वनिप्रदूषणाच्या अभ्यासाला त्याने दिशा दिली. याच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या क्लोव्हरचा, म्हणजे हिरवळीत उगवणाऱ्या एका छोट्या वनस्पतीचा, जागतिक प्रकल्प आहे: 26 देशांतली 160 शहरं, 1 लाखाहून अधिक रोपं आणि सगळ्यांसाठी एकच कार्यपद्धती. 2022 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अशा प्रकल्पात एका शहराची जबाबदारी घेणं ही तरुण अभ्यासकासाठी फार चांगली शाळा असते. कार्यपद्धती अक्षरशः पाळायची सवय तिथेच लागते.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची यादी पाहण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. क्षेत्रकामाला ते सोबत येतात का, विदा (डेटा) कोणाच्या नावावर राहते आणि प्रबंधानंतर त्या जागेवर काम सुरू ठेवता येतं का, हे तीन प्रश्न विचाराच.

शाश्वततेबद्दल माझा आग्रह एवढाच की तो शब्द वापरलात तर काय टिकलं ते मोजा. किती रोपं लावली हा आकडा सोपा असतो. पाच वर्षांनी त्यातली किती जगली आणि कोणाच्या दारात जगली, हे विचारायला हवं. नवी बाग झाली की आसपासची भाडी वाढू शकतात, आणि ज्यांच्यासाठी ती केली तेच लोक निघून जातात. म्हणून बागेच्या अभ्यासात भाड्यांची नोंदही ठेवा. निष्कर्ष हाती आले की निबंध छापून येण्याची वाट न पाहता नगर प्रशासनाच्या उद्यान आणि जलनिस्सारण विभागांना एका पानाचं टिपण द्या. त्यात नकाशा असावा, तीन वाक्यांत निष्कर्ष असावा आणि कुठला निर्णय कधीपर्यंत बदलता येईल ते असावं. अंदाजपत्रक ठरायच्या आधी दिलेलं टिपण वाचलं जातं.

नोकरी बदलते, निधी संपतो. जागा सोडायची वेळ आलीच तर ती दुसऱ्या कोणाला तरी सोपवून निघा. प्रत्येक नमुनास्थळाचे अक्षांश-रेखांश, छायाचित्र कुठे उभं राहून कोणत्या दिशेला घेतलं, उपकरणाचं नाव, कोणत्या वर्षी पद्धत बदलली आणि का, परवानगी देणाऱ्या कार्यालयाचं पद, हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून विदेसोबत खुल्या संग्रहात ठेवा. नव्या माणसाला एका पूर्ण हंगामात बरोबर घेऊन फिरा, आणि शेवटच्या काही फेऱ्यांत दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे जुळतात का ते पाहा.