चेहऱ्यावरचं गळू बरं होत नाही? दिवस मोजा

चेहऱ्यावर लाल गाठ उठली की आधी हळदीचा लेप, मग मेडिकलमधली ट्यूब, मग अँटिबायोटिकच्या गोळ्या. बहुतेकदा ते गळूच असतं. पण मर्केल सेल कार्सिनोमा, अँजिओसार्कोमा आणि स्क्वेमस सेल कार्सिनोमा हे त्वचेचे कॅन्सरही सुरुवातीला तसेच दिसू शकतात. पहिले दोन दुर्मीळ, पण झपाट्याने पसरणारे. निफाड-दिंडोरीच्या बागांत जन्मभर उन्हात राबलेले ज्येष्ठ, तसंच किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांनी जास्त सावध राहावं.

नुसत्या दिसण्यावरून तज्ज्ञही फसतात, म्हणून दिवस मोजा. गळू ठणकतं, पिकतं, फुटतं आणि साधारण दोन आठवड्यांत बसतं. मर्केलची गाठ लाल-जांभळी, टणक, बहुधा न दुखणारी असते आणि काही आठवड्यांतच दुप्पट होऊ शकते. अँजिओसार्कोमा कपाळावर किंवा डोक्यावर मुका मार लागल्यासारखा डाग म्हणून येतो. खरा मार हिरवा-पिवळा होत विरतो, हा पसरत जातो. डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, पट्टी शेजारी धरून त्याच उजेडात आठवड्याला एक फोटो काढा. कानापुढे, जबड्याखाली आणि मानेत गाठ लागते का, तेही चाचपा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे औषधाने थोडा उतार पडणं. कॅन्सरच्या जखमेतही जंतू शिरतात. गोळ्यांनी पू आणि लाली कमी होते, गाठ मात्र तिथेच राहते. मग दुसरा कोर्स, तिसरा कोर्स, आणि महिने जातात. खऱ्या जंतुसंसर्गात योग्य औषधाने दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागतो. एक कोर्स संपूनही गाठ असेल, तर दुसरा सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे बायोप्सीचा (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा) विषय काढा. स्टेरॉइड मिसळलेलं मलम स्वतःहून लावू नका, त्याने खरं रूप झाकलं जातं.

गाठ चिरायची ठरली तर नुसता पू कल्चरला (जंतू शोधणाऱ्या तपासणीला) पाठवून भागत नाही. गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) घालून पॅथॉलॉजीला, म्हणजे पेशी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला, गेलाच पाहिजे. तो साध्या पाण्यात नेला तर पेशी खराब होतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे.

ताप, डोळ्याभोवती सूज किंवा दृष्टी धूसर होत असेल तर मात्र दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गाठीजवळचा गाल बधिर पडला किंवा तोंड वाकडं झालं, तर कॅन्सर चेहऱ्याच्या मज्जातंतूंपर्यंत गेल्याची शक्यता असते, तेव्हाही लगेच दाखवा.