पहिली मुलाखत झाली की लगेच कोडिंगला बसा

श्रवणशास्त्रातून संशोधनाकडे येणाऱ्याला ऑडिओग्राम वाचायची सवय असते. कान किती डेसिबलला ऐकतो ते त्यात कळतं. कानाचं मशीन डबीत का पडून राहतं ते कळत नाही. म्हणून मी ग्राउंडेड थिअरीकडे वळले. समाजशास्त्रज्ञ ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडलेल्या या पद्धतीत सिद्धांत आधी ठरवून पुरावे गोळा करत नाहीत, तो लोकांच्या बोलण्यातून उभा राहतो. त्यासाठी मुलाखतीतल्या एकेका तुकड्याला छोटं नाव, म्हणजे कोड, देत जायचं; हेच कोडिंग.

माझं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराच्या परिसरातल्या वयस्कर मच्छीमारांमध्ये. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, माणसं घरी सापडतात. पण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना कमी ऐकू येणाऱ्याशी बोलणं कठीण! आतली खोली मागून घ्या, आपल्या तोंडावर उजेड येईल असं बसा, प्रश्न ठळक अक्षरात लिहून न्या. शेजारून सून उत्तरं देऊ लागली तर तिला गप्प करू नका. तिची मुलाखत नंतर वेगळी घ्या.

एक काका म्हणाले, “घरात घालतो, बंदरावर जाताना काढून ठेवतो.” इथे नवखा माणूस पटकन ‘सामाजिक कलंक’ लिहून मोकळा होतो. तसं करू नका. मी कोड लिहिला, ‘बंदरावर मशीन काढणं’, आणि त्याच रात्री मेमोत, म्हणजे स्वतःसाठीच्या टिपणात, प्रश्न मांडला: ही लाज, की इंजिनाचा गोंगाट मशीनमधून सहन होत नाही? उत्तरासाठी पुढची व्यक्ती मुद्दाम शोधली, मासळीच्या लिलावात बोली लावणारी, मशीन वापरणारी एक मावशी. “भाव चुकला तर नुकसान माझं. तिथे लाजून कसं चालेल?” त्या म्हणाल्या. काकांचं वाक्य मग पुन्हा काढून मावशींच्या वाक्याशेजारी ठेवलं. कुठे ऐकू आलंच पाहिजे आणि कुठे नाही आलं तरी निभतं, हा हिशेब त्यातून दिसायला लागला. सगळ्या मुलाखती उरकून मग कोडिंगला बसले असते तर मावशींकडे जायचं सुचलंच नसतं.

पद्धतीच्या शाखांपैकी मला समाजशास्त्रज्ञ कॅथी चारमॅझ यांची मांडणी जवळची वाटते, कारण संशोधकही त्या संवादात असतो हे ती धरून चालते. माझ्यासारख्या मशीन बसवणाऱ्या बाईला लोक आधी “रोज घालतो” असंच सांगतात. तेही मेमोत लिहायचं.

नमुना किती, म्हणजे किती जणांशी बोलणार, हे संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी विचारतेच. अर्जात एकच आकडा न देता अंदाजे मर्यादा द्या. नवीन काही हाती येईनासं झालं की थांबणार, आणि प्रश्नावली वाटेत बदलत जाणार, हेही आधीच लिहा. नाहीतर प्रत्येक बदलाला परवानगीसाठी थांबावं लागेल, तोवर बोटी समुद्रात गेलेल्या असतील.