व्याख्यान नको, वर्ग द्या: युनियनने विद्यापीठाकडे कसं जावं

विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात 'मार्गदर्शनपर व्याख्यान' हे शब्द घालू नका. घातलेत की एक प्राध्यापक येतात, शाल-श्रीफळ होतं, तासभर जगभरच्या कामगार चळवळीचा आढावा होतो, आभार मानले जातात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला आलेल्या माणसाला आपल्या पगाराच्या स्लिपमधलं काल जेवढं कळत होतं तेवढंच आजही कळतं. मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लूमवर आहे, आमच्या युनियनचा सरचिटणीसही आहे. विद्यापीठातल्या नि कॉलेजांतल्या शिक्षकांना धरून आम्ही कामगारांचे वर्ग चालवतो. भुसावळ, धुळे, शहाद्याकडचे कार्यकर्ते भेटले की विचारतात, "भाऊ, हे जमवलं कसं?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी प्रश्न गोळा करा

पत्राच्या आधी एक वही करा. गेटवर, टपरीवर, पाळी सुटताना जो जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. 'कामगार कायद्यांविषयी जनजागृती व्हावी' असं कोणी विचारत नाही. "पगार इतला कमी का बरं येस?" असं विचारतात. ठेकेदार बदलला तर जुना पीएफ कुठे जातो? ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे नेमका कशाच्या दुप्पट? बोनस कोणत्या रकमेवर काढतात? मशीनवर बोट गेलं तर आधी कुठे कळवायचं? प्रश्नापुढे माणसाचं नाव घालू नका, खातं घाला: लूम, एक्स्ट्रुडर, पॅकिंग, लोडिंग. नाव लिहिताना दिसलात की ठेकेदारीतली माणसं तोंड मिटतात, आणि खरे प्रश्न त्यांच्याकडेच असतात.

वही बरी भरली की प्रश्नांचे गठ्ठे पडायला लागतात: पगार, पीएफ-ईएसआय (कामगार विमा), बोनस, सुरक्षितता, युनियनची मान्यता. हाच तुमचा अभ्यासक्रम. पत्रासोबत तो जोडा. शिक्षकाला नुसतं 'कामगार कायदा शिकवा' म्हटलं तर तो व्याख्येपासून सुरू करणार, त्यात त्याचा दोष नाही. 'हे चाळीस प्रश्न आहेत, यांची उत्तरं आम्हाला स्वतःला काढता आली पाहिजेत' म्हटलं की त्यालाही उत्साह येतो.

दार कोणतं ठोठवायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १९९० साली विद्यापीठ झालं, तोवर आपल्याकडची कॉलेजं पुण्याला जोडलेली होती. सार्वजनिक विद्यापीठांमध्ये आजीवन अध्ययन आणि विस्ताराचं काम बघणारा विभाग असतो. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपलीकडच्या लोकांपर्यंत पोचणं हेच त्याचं काम. अर्ज थेट कुलगुरूंच्या नावाने करायची हौस अनेकांना असते. तसा अर्ज फिरत फिरत शेवटी याच विभागाच्या टेबलावर येतो. म्हणून विभागप्रमुखांच्या नावे लिहा, प्रत कुलसचिवांना द्या, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

विद्यापीठ लांब पडत असेल तर जवळचं कॉलेज बघा. कायद्यासाठी विधी महाविद्यालय, ताळेबंद आणि बोनससाठी वाणिज्य शाखा, ठेकेदारीतल्या बायकांना बोलतं करायला समाजकार्य महाविद्यालय. माझं मत विचाराल तर पहिला शिक्षक वाणिज्य शाखेचा घ्या. वकील मंडळी कलमात रमतात. वाणिज्यवाला थेट आकडे मांडतो, आणि आमच्या लोकांचा विश्वास आधी आकड्यांवर बसतो.

विद्यापीठाबाहेरही जागा आहेत. दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय श्रमिक शिक्षण व विकास मंडळ हे १९५८ पासूनचं केंद्र सरकारचं मंडळ. जुने लोक त्याला अजून 'वर्कर्स एज्युकेशन' म्हणतात. निवडक कामगारांना तयार करून 'कामगार शिक्षक' बनवायचं आणि त्यांनी आपल्या कारखान्यात वर्ग घ्यायचे, ही त्यांची मूळ पद्धत मला अजूनही सगळ्यात पटते. मुंबईला परळमध्ये नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, १९४७ची. ज्यांनी गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली त्यांचंच हे नाव. नोएडाला व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आहे. तिथे कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी निवासी कार्यक्रम होतात आणि वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. तिकडे पाठवायचं तर एकट्याला पाठवू नका, जोडीने पाठवा. एकटा गेलेला माणूस परत आल्यावर दोन भाषणं करतो नि थंडावतो. जोडी आली तर ते आपसात वाद घालतात आणि त्या वादात बाकीच्यांचंही शिक्षण होतं.

'विद्यापीठाचा नि युनियनचा काय संबंध' असं कोणी म्हणालंच तर सांगा, की अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाची कामगारांसाठीची शाळा १९२५ पासून आहे, आणि ऑक्सफर्डला रस्किन कॉलेज कामगारांसाठीच १८९९ मध्ये निघालं. आपल्या इकडचंही सांगा. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणी काढली आणि तत्त्वज्ञान मंदिरही उभं केलं. त्याच गावातल्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. शहाद्याकडे १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली, तिने आदिवासी शेतमजुरांची शिबिरं घेतली. तिथे ना फळा होता ना प्रमाणपत्र.

पहिला वर्ग पगाराच्या स्लिपचा

कामगार संघटनेचा इतिहास शिकवा, पण तिसऱ्या-चौथ्या वर्गात. पहिल्या दिवशी स्लिप. येताना प्रत्येकाने आपली स्लिप आणायची, नाव दुमडून आत. सोयीसाठी फळ्यावर साधं उदाहरण घ्या: मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये, बाकी काही नाही. पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८०० कापले. ईएसआय पाऊण टक्का, ११३. व्यवसाय कर २००. हातात १२,८८७.

इथे थांबून विचारा: मालकाने भरलेले १,८०० कुठे गेले? बहुतेक जण म्हणतील, पीएफमध्ये. पासबुक उघडायला सांगा. त्यातले १,२५० पेन्शनकडे वळतात, पीएफला फक्त ५५० जातात, कारण ८.३३ टक्के पेन्शनचे. आमच्या वर्गात इथे गलका झाला. एवढी वर्षं 'मालक पैसे खातो' असं ज्याला वाटत होतं त्याचा संशय फिटला. आणि ज्याला सगळं ठीक वाटत होतं त्याच्या पासबुकात ठेकेदाराच्या काळातले महिनेच नव्हते, ते त्याला त्या दिवशी दिसलं.

पॅकिंगमधल्या एका ताईंनी आपली स्लिप बाजूच्या लूमवाल्याच्या स्लिपशेजारी ठेवली. दोघांचेही व्यवसाय कराचे २०० कापलेले. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, ताईंनी मोबाइलमध्ये फोटो काढला आणि सोमवारी तो फोटो नि स्लिप ठेकेदाराच्या सुपरवायझरपुढे धरली. युनियनचं पत्र नाही, घोषणा नाही. पुढच्या महिन्यापासून कपात बंद. मागची वसुली मात्र अजून अडकलेली आहे. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कसा होतो आणि जून-डिसेंबरच्या स्लिपवर कामगार कल्याण निधीची कपात कुठून उगवते, हेही त्याच दिवशी उरकून घ्या. नाहीतर दर वर्षी त्या महिन्यांत तुमचा फोन वाजत राहील.

नव्या संहितांना दोन वर्ग तरी द्या

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या पुस्तकावरून शिकवणारा शिक्षक आला तर त्याला नम्रपणे विचारा, "सर, हे संहितेत कुठे बसतं?" आमच्या कामाचे मुद्दे थोडे आहेत. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. २०,००० च्या पगारात मूळ ७,००० आणि भत्ते १३,००० असतील तर जास्तीचे ३,००० वेतनात येतात, वेतन १०,००० धरलं जातं. असली गणितं लोकांना स्वतः करू द्या, शिक्षकाने सोडवून दाखवायची नाहीत.

दुसरा मुद्दा मान्यतेचा. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियन व्हायला ३० टक्के सभासद लागायचे. औद्योगिक संबंध संहितेत एकट्याने वाटाघाटी करायला ५१ टक्के लागतात. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनांचे प्रतिनिधी घेऊन वाटाघाटी परिषद बनते. म्हणजे एकाच गेटवर दोन झेंडे असलेल्या ठिकाणी दुसऱ्या युनियनच्या लोकांनाही वर्गात बोलवा. आमच्या काही जणांना हे रुचलं नाही. पण उद्या परिषदेत शेजारी बसायचंच असेल तर आज बाकावर शेजारी बसलेलं काय वाईट? संपासाठी १४ दिवसांची नोटीस, २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती, मुदतीच्या नोकरीवाल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही बाकीची यादी. समितीत कोण बसणार हे वर्गातच ठरवून टाका.

बोनसचा वर्ग दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने ठेवा. कमीत कमी ८.३३ आणि जास्तीत जास्त २० टक्के हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मधला आकडा ताळेबंदातून कसा निघतो ते कोणालाच माहीत नसतं. वाणिज्यच्या सरांना कोणत्याही मोठ्या कंपनीचा छापील ताळेबंद आणायला सांगा. स्वतःच्या कंपनीचा पहिल्याच दिवशी नको, त्याने डोकी तापतात आणि गणित बाजूला राहतं.

वार, वेळ, ऊन

सगळ्यांची आठवडी सुट्टी रविवारीच असते असं नाही, ती आधी विचारून घ्या. तिन्ही पाळ्यांतले लोक हवेत तर एकच विषय दोनदा घ्यावा लागेल, शिक्षकाशी तसं आधीच बोला. रात्रपाळी करून आलेल्याला दुपारच्या वर्गात झोप लागणारच, त्याला हटकू नका. एप्रिल-मे सोडून द्या. तिकडे परीक्षा आणि पेपर तपासणी, इकडे लग्नं, वरून जळगाव-भुसावळचं ऊन. पत्र्याच्या शेडखाली तर बोलूच नका. श्रावणात वर्ग चालतो, फक्त नागपंचमीनंतरचा रविवार टाळा. खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसतात, निम्मा वर्ग गावाकडे असतो आणि उरलेला निम्मा रोटाच्या जेवणाला. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ.

पंचवीस-तीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. बायका एक-दोनच असतील तर त्या बोलत नाहीत, निदान सात-आठ एकदम आणा आणि वर्ग दिवे लागायच्या आत सोडा.

पैशांचं नि रजेचं

विद्यापीठाचं प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क बसतं. ते एकेकाकडून गोळा करण्यापेक्षा युनियनच्या निधीतून भरा. सभासदांच्या शिक्षणावर खर्च करायची मुभा १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यातल्या कलम १५ मध्येच होती, बहुतेक युनियनांच्या घटनेत ते वाक्य जसंच्या तसं आहे. कार्यकारिणीचा ठराव करा, पावती ठेवा, हिशोबात 'शिक्षण' असं वेगळं शीर्षक उघडा. प्रमाणपत्राने बढती मिळेल असं मात्र कोणाला सांगू नका, मिळत नाही.

रजेसाठी दर वेळी व्यवस्थापकाच्या केबिनबाहेर उभं राहायचं नसेल तर पुढच्या पगार कराराच्या मागणीपत्रात एक कलम घाला. आम्ही घातलेला मसुदा असा होता: 'युनियनने नाव सुचवलेल्या कामगारांस मान्यताप्राप्त विद्यापीठ अथवा शासकीय संस्थेच्या प्रशिक्षणासाठी वर्षातून सहा दिवसांपर्यंत भरपगारी रजा देण्यात येईल. अशी रजा हक्काच्या रजेतून वजा होणार नाही.' कंपनी सहाचे तीन करायला बघेल, तिथे थोडं सैल सोडलं तरी चालेल. दुसरं वाक्य मात्र सोडू नका. आणि ही मागणी यादीच्या तळाशी ठेवू नका, मधे ठेवा. तळाच्या मागण्या पहिल्याच बैठकीत देवाणघेवाणीत जातात.