आंबत्या बिअरमध्ये हॉप्स कधी, किती आणि कसे टाकायचे

कोथिंबीर फोडणीत टाकली काय आणि भाजी उतरवताना वरून पेरली काय, यात जो फरक, तोच हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप वेलीच्या फुलांचा. उकळत्या वॉर्टमधले (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, म्हणजे माल्टच्या, गोड पाण्यातले) हॉप्स कडवटपणा देतात, पण त्यांची सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. वास हवा असेल तर हॉप्स थेट फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात), थंड बिअरमध्ये टाकावे लागतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात.

इथली मापं १९ लिटर पेल एलसाठी (फिकट रंगाच्या बिअरसाठी) आहेत. ब्रिटनमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत संघीय कायद्याने १९७९ पासून स्वतःपुरती बिअर घरी करता येते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय ती करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

कधी टाकायचे

पहिल्या दोन-तीन दिवसांत बिअर जोरात आंबत असते. तेव्हा हॉप्स टाकले, तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुगंधही सोबत घेऊन जातो. दुसरीकडे, आंबणं पूर्ण थांबल्यावर झाकण उघडलं की आत शिरलेली हवा संपवायला यीस्ट जागं नसतं. ज्यांच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, त्यांनी मधली वेळ साधावी. हायड्रोमीटरवर (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीवर; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) अंतिम आकडा १.०१२ अपेक्षित असेल, तर १.०१५ च्या आसपास हॉप्स टाका. फेस खाली बसलेला दिसतो, एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे मंदावतात, तीच ही वेळ. पण बुडबुड्यांवर विसंबू नका, आकडा बघा.

किती आणि कसे

लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) पुरतात. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत असं दिसलं, की लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही. उलट फळांचा वास मागे पडून चहापत्तीसारखा, पाल्याचा वास पुढे येतो. शिवाय १०० ग्रॅम पेलेट अर्धा ते एक लिटर बिअर पिऊन बसतात, तो तोटा वेगळाच.

पाकीट फोडलं की आधी हुंगा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला, तर हॉप्स शिळे झालेत, फेकून द्या. हॉप्स निर्जंतुक करायची गरज नाही, पण नायलॉनची जाळीदार पिशवी आणि ती बुडवायला लागणारा स्टीलचा चमचा १० मिनिटं उकळून घ्या. पेलेट फुगून कितीतरी पट होतात, म्हणून पिशवी सैल बांधा. गच्च भरलेल्या पिशवीत मधले पेलेट कोरडेच राहतात.

पिशवी हळूहळू सोडा. पेलेटच्या खरबरीत पृष्ठभागावर बिअरमधला विरघळलेला वायू एकदम सुटतो आणि फेस झाकणापर्यंत उसळतो. २५ लिटरच्या बादलीत १९ लिटर असेल तर सहसा निभावतं, काठोकाठ भरलेल्या भांड्यात मात्र फरशी पुसायची तयारी ठेवा. झाकण लगेच लावा. १८ ते २० अंश सेल्सिअसला २ ते ३ दिवस पुरेत. आठवडाभर ठेवले तर गवताचा वास उतरतो.

बाटल्या फुटतात त्या इथे

हॉप्समध्ये विकरं (एन्झाइम) असतात. माल्टमधली जी डेक्स्ट्रिनं (साखरेच्या लांब साखळ्या) यीस्टला पचत नाहीत, ती तोडून ही विकरं साखर तयार करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी ही गोष्ट इंग्लंडमध्ये १८९३ मध्येच नोंदवली होती. आज तिला हॉप क्रीप म्हणतात. १.०१२ वर थांबेल असं वाटलेली बिअर १.००९ पर्यंत उतरू शकते.

हे बाटलीत घडलं, तर एकेका पॉइंटमागे (हायड्रोमीटरवरच्या ०.००१ मागे) बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा जादा वायू तयार होतो. बुडबुड्यांसाठी बाटली भरताना घातलेल्या लिटरला ६ ग्रॅम साखरेने बाटलीत सुमारे २.४ पट वायू होतो. त्यात ३ पॉइंटांचा दीड पट मिळवला की जवळजवळ ४ पट. साध्या बिअरच्या बाटलीला हा दाब झेपेल याचा भरवसा नाही. म्हणून पिशवी काढल्यावर आकडा सलग ३ दिवस हललेला नाही, याची खात्री होईपर्यंत फर्मेंटर २० अंशांवरच ठेवा.

याच काळात डायअॅसिटिल, म्हणजे लोण्याचा वास, डोकं वर काढतो. तपासायला थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात घ्या, ६० अंश गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, गार करून हुंगा. लोणी जाणवलं तर आणखी दोन-तीन दिवस थांबा, यीस्ट ते स्वतःच साफ करतं. फ्रिजची घाई इथे नडते: थंडीत यीस्ट झोपतं, विकरं मात्र नष्ट होत नाहीत, आणि पुढे कपाटातल्या उबेत दोघं मिळून अर्धवट राहिलेलं काम पुरं करतात.

आकडा स्थिर झाला, की मग २ ते ४ अंशांवर एक-दोन दिवस ठेवून गाळ बसू द्या. पिशवी काढताना पिळू नका. पिळल्याने तुरटपणा आणि हवा दोन्ही बिअरमध्ये जातात. हवा लागलेली बिअर तपकिरी-करडी पडते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, म्हणून भरताना नळी बाटलीच्या तळाला टेकवा.

वापरलेले हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. ते खाल्ल्यावर अंगातला ताप जिवावर बेतेल इतका चढू शकतो. घरात कुत्रं असेल तर हे हॉप्स उघड्या खतखड्ड्यात टाकू नका, बांधून कचऱ्यात द्या.