पावसात सायकल चालवताना पाय कोरडे राहावेत म्हणून
जुलैमध्ये ताम्हिणी घाटात सायकल काढली की पाय दोन बाजूंनी भिजतात. नडगीवरून ओघळणारं पाणी मोज्यात उतरतं आणि पुढच्या चाकाचा फवारा थेट बुटाच्या चवड्यावर बसतो. या फवाऱ्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. पुढच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बांधा, जमिनीपासून चार बोटं वर राहील इतका लोंबता. बराच त्रास तिथेच संपतो.

रेनकोटची पँट बुटात खोचू नका. ती बुटावरून खाली सोडा आणि घोट्याशी रबर लावा, म्हणजे चेनमध्ये अडकणार नाही.

सुती मोजे घरीच ठेवा. ते पाणी धरून ठेवतात आणि उतारावर वारा लागला की बोटं बधिर होतात. पातळ लोकरीचे मोजे ओले झाले तरी ऊब देतात. त्यांवर साधी प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला. आत थोडा घाम येतो, पण गार वारा लागत नाही. बूट घट्ट होत असेल तर मात्र पिशवी नकोच. रक्त नीट फिरलं नाही की पाय आणखी गार पडतात.

परतल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.