ब्लाइंड अडकलं तर दोरी ओढू नका: किनाऱ्यावरच्या घरांनी या चुका टाळा

गणपतीला गावी येऊन बंद घर उघडलं की आधी खिडक्या उघडून कोंदट वास घालवायचा असतो. नेमकं तेव्हाच ब्लाइंड, म्हणजे खिडकीचा पट्ट्यांचा पडदा, अडकतं. पट्ट्या अर्ध्यावर तिरक्या, दोरी जागची हलत नाही. मग आपण वैतागून हिसका देतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मी असाच हिसका दिला होता. दोरी वरच्या चॅनलमध्येच, म्हणजे पट्ट्या ज्याला टांगलेल्या असतात त्या पन्हळीत, तुटली आणि नवी दोरी एकेका पट्टीच्या भोकातून ओवण्यात अख्खी दुपार गेली.

आपल्याकडे ब्लाइंड अडकतं ते बहुतेक वेळा मिठामुळे. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ आणि लाल धूळ चॅनलमध्ये साचते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरायला लागतं. पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. पुढे ऊन पडलं की तोच खार सुकून कडक होतो, आणि तोवर आतली लोखंडी पिन गंजलेली असते.

म्हणून आधी बघायचं ते दोरी जिथून चॅनलमध्ये शिरते ते लॉक. त्यात एक छोटी दातेरी पिन असते, ती दोरीला दाबून धरते. दोरी खिडकीच्या मध्याकडे तिरकी धरून हलकेच ओढा. बहुतेक ब्लाइंडचं लॉक अशानंच सुटतं. नाही सुटलं तर स्टुलावर चढा आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं ती पिन वरच्या बाजूनं अलगद उचला. पिन टुकदिशी वर गेली की दोरी लगेच सैल पडते. मग जुन्या टूथब्रशनं कोमट गोडं पाणी लावून खार काढा आणि फडक्यानं पूर्ण कोरडं करा.

हाताशी असतं म्हणून खोबरेल मात्र घालू नका. त्याला धूळ चिकटून चिकट थर तयार होतो, आणि थंडीत ते थिजतं. हार्डवेअरच्या दुकानातला सिलिकॉन स्प्रे घ्या, तोही पट्ट्या फिरवणाऱ्या गिअरवर थोडासाच. दोरीला लागू देऊ नका. दोरी बुळबुळीत झाली की लॉक तिला धरत नाही आणि अख्खं ब्लाइंड धाडकन खाली येतं.

रोलर ब्लाइंडचं, म्हणजे नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या कापडी पडद्याचं, दुखणं वेगळं. कापड एका बाजूला सरकत जाऊन ब्रॅकेटला, म्हणजे नळी धरणाऱ्या आधाराला, घासतं आणि अडकतं. कापड पूर्ण खाली सोडा. ते उजवीकडे सरकत असेल तर नळीच्या डाव्या टोकाला टेपचा छोटा तुकडा चिकटवा, डावीकडे सरकत असेल तर उजव्या. पुन्हा गुंडाळून बघा, लागला तर आणखी एक थर द्या. ओलं कापड मात्र कधीच गुंडाळू नका, बुरशी धरते. कापड वरखाली करायची साखळी भिंतीला क्लिपनं ताणून बसवा. घरात लहान मूल असेल तर हे काम आजच करा, लोंबणाऱ्या साखळीचा फास गळ्याला बसू शकतो.

ब्रॅकेटचे स्क्रू बदलणार असाल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. समुद्राकाठी साधं स्टेनलेससुद्धा डागाळतं.

आणि घर बंद करून मुंबईला परतताना पट्ट्यांचं ब्लाइंड वर ओढून ठेवू नका. पूर्ण खाली सोडा, पट्ट्या आडव्या उघड्या ठेवा. दोरीवर भार राहत नाही आणि पट्ट्यांमधून वारा खेळतो.