पेनड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणतोय? आधी कॅन्सल दाबा

पेनड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर चौकट आली, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, तर ‘कॅन्सल’ दाबा. आत गावच्या डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचं) रेकॉर्डिंग असो, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब असो की वाडीच्या सभेचं इतिवृत्त, ते परत मिळण्याची शक्यता या घडीला सगळ्यात जास्त आहे. इथून पुढे पेनड्राइव्हवर जे काही नवीन लिहिलं जाईल, त्याने ती कमीच होत जाईल.

बहुतेक वेळा फाइल जागच्या जागी असतात, बिघडलेली असते ती यादी. कुठली फाइल कुठून सुरू होते आणि तिचे पुढचे तुकडे कुठे आहेत, याची नोंद पेनड्राइव्ह सुरुवातीच्या भागात ठेवतो. पावसाळ्यात आपल्या कोकणात लाइट कधी जाईल त्याचा नेम नसतो. डेस्कटॉपवर कॉपी चालू असताना लाइट गेली, तर यादी अर्धवट राहते. बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह यादी ठेवायला फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धत वापरतात आणि अर्धवट राहिलेलं काम पुढच्या वेळी सावरून घेण्याची सोय या दोन्हींत नाही. चालू कॉपीत पेनड्राइव्ह उपटून घेतला तरी हेच होतं.

म्हणून ‘फॉरमॅट मारून देतो, मग रिकव्हर करू’ असं दुकानात कुणी म्हणालं तर पेनड्राइव्ह परत घ्या. क्विक फॉरमॅटमध्ये नवी कोरी यादी तयार होते आणि जुना मजकूर बराचसा शिल्लक राहतो, हे खरं. पण ‘क्विक’समोरची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट, विंडोज व्हिस्टापासून पुढे, प्रत्येक जागी शून्य लिहून ठेवतं. त्यानंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला काही सापडत नाही. ‘स्कॅन अँड फिक्स’ या सूचनेलाही आत्ता नकोच म्हणा. त्यातून चालणारं विंडोजचं दुरुस्तीचं साधन, चेकडिस्क, पेनड्राइव्ह वापरण्याजोगा करायला बघतं, त्यासाठी तुटलेल्या फाइलींचे तुकडे बाजूला टाकावे लागले तरी टाकतं. कुणी ते आधीच चालवलं असेल, तर ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ शेपटीच्या फाइल दिसतील. त्या पुसू नका, तुमचा मजकूर त्यातही असू शकतो.

आणखी एक गोष्ट आधी बघून घ्या: हवी असलेली फाइल दुसरीकडे आहे का? फोटो मुंबईच्या चाकरमान्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवले असतील, अर्ज सेतूवाल्याच्या कॉम्प्युटरवर असेल. सातबारा आणि आठ-अ साठी तर पेनड्राइव्हच्या मागे लागूच नका, डिजिटल सहीचे उतारे महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात.

आता पेनड्राइव्ह हातात घेऊन उजेडात त्याचं तोंड बघा. आतल्या चार सोनेरी पट्ट्यांवर पांढुरका किंवा हिरवट थर दिसतो का? खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा यांनी तो चढतो, आणि समुद्राजवळच्या घरात टेबलावर उघड्या पडलेल्या पेनड्राइव्हवर लवकर चढतो. कानातल्या काडीच्या कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हळू पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टला लावून बघा, कारण पुढचे पोर्ट आतल्या वायरीने जोडलेले असतात आणि तेही सैल झालेले असू शकतात. ‘बिघडलेला’ पेनड्राइव्ह एवढ्यानेही उघडू शकतो. उघडला, तर आधी सगळं लॅपटॉपवर कॉपी करून घ्या, बाकी पुढे.

होडीत किंवा किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात पडला असेल, तर चालतोय का ते बघायला लगेच लावू नका. आत मीठ असताना त्यातून वीज वाहिली, की शॉर्ट होतो. टोपण काढा, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने नीट धुवा, पाणी झटका आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. तांदळात पुरून ठेवण्याचा उपयोग नाही, तांदूळ मीठ काढत नाहीत.

पेनड्राइव्ह उघडतो, पण फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात? मग तो बहुधा व्हायरस आहे. बऱ्याच कॉम्प्युटरांवर फिरलेल्या पेनड्राइव्हला तो सहज लागतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका. विंडोजच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइल दाखवायला सांगा आणि ‘प्रोटेक्टेड सिस्टम फाइल लपवा’समोरची खूणही काढा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. त्यातली तुमची कागदपत्रं तेवढी कॉपी करा आणि अँटिव्हायरसने तपासा.

वरचं काहीच लागू पडलं नाही, तर विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा. स्टार्टवर उजवं क्लिक केलं की यादीत ते असतं. पेनड्राइव्हचा आकार बरोबर दिसतोय आणि पुढे ‘रॉ’ लिहिलंय, तर यादी बिघडली आहे आणि घरी प्रयत्न करता येईल. ‘नो मीडिया’ लिहिलं असेल, तर आतल्या कंट्रोलरचा (मेमरी चालवणाऱ्या चिपचा) मेमरीशी संबंध बहुधा तुटला आहे. तिथे सॉफ्टवेअरचं काम नाही, तो पेनड्राइव्ह डेटा रिकव्हरीच्या लॅबचाच. मुंबई-पुण्यात अशा लॅब आहेत. पैसे किती ते लेखी घ्या आणि काय मिळालं त्याची यादी बघूनच पैसे भरा. जत्रेतल्या ठेल्यावर ‘एक टीबी’ म्हणून स्वस्तात घेतलेला पेनड्राइव्ह असेल, तर आतली चिप पुष्कळदा लहान असते आणि तिच्या आकारापलीकडचा मजकूर कधी लिहिलाच गेलेला नसतो. तो कुठल्याच लॅबला मिळणार नाही.

घरी प्रयत्न करणार असाल, तर यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक गाळतात तीच: पेनड्राइव्हची इमेज काढायची. म्हणजे अख्खा पेनड्राइव्ह, रिकामी जागा धरून, जसाच्या तसा एका फाइलीत उतरवून घ्यायचा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह असेल तर लॅपटॉपवर तेवढी जागा मोकळी हवी, मग आत फोटो दहाच का असेनात. विंडोजवर ‘विन३२ डिस्क इमेजर’ हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्यात पेनड्राइव्हचं अक्षर निवडा, इमेज कुठे ठेवायची ते नाव द्या आणि ‘रीड’ दाबा. शेजारचं ‘राइट’ बटण उलटं काम करतं, ते पेनड्राइव्हवरच लिहितं. जुन्या पोर्टवर ३२ जीबीला अर्धा-पाऊण तास लागेल.

मध्येच एरर येऊन ते थांबलं, तर पेनड्राइव्हचे काही भाग वाचता येत नाहीत असं समजा आणि लिनक्सवरचं (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवरचं) ‘डीडीरेस्क्यू’ वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडणाऱ्या जागांकडे शेवटी वळतं, त्यामुळे मरायला टेकलेल्या पेनड्राइव्हमधूनही बरंच हाती लागतं. त्याला तीन नावं द्यावी लागतात: आधी पेनड्राइव्ह, मग इमेज, मग मॅप फाइल. क्रम तीनदा तपासा, उलटा झाला तर पेनड्राइव्ह पुसला जाऊ शकतो. मॅप फाइल कधीच गाळू नका. कुठवर वाचलं ते त्यात टिपलेलं असतं, म्हणून मध्ये लाइट गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम तिथून पुढे सुरू होतं. कोकणातल्या पावसाळ्यात ही सोय फार मोलाची आहे.

इमेज हातात आली की पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. आता ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही जोडी उतरवून घ्या. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी लिहिलेली ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. टेस्टडिस्क यादी दुरुस्त करायला बघतं, त्यामुळे आधी ते वापरा: जमलं तर फाइल मूळ नावांसह मिळतात. नाही जमलं तर फोटोरेक. त्याचं माउसने चालणारं रूप ‘क्यूफोटोरेक’ सोबतच येतं. त्यात इमेज फाइल जोडा, ‘होल’ निवडा म्हणजे ते अख्खी जागा तपासेल, सापडलेल्या फाइल ठेवायला लॅपटॉपवरचं फोल्डर द्या आणि शोध सुरू करा. फोटोरेक यादीकडे बघतच नाही, प्रत्येक प्रकारच्या फाइलीची ठरलेली सुरुवात ओळखून ती उचलतं. म्हणून नावं जातात, आणि ‘एफ’पुढे लांबलचक आकडे लावलेल्या शेकडो फाइल फोल्डरांत पडलेल्या दिसतात. प्रकार आणि आकार यांनुसार लावून घेतल्या की शोधणं सोपं जातं. फोटो बहुतेक नीट येतात. मोठे व्हिडिओ तुकड्यांत साठवलेले असले तर अर्धवट निघू शकतात.

इथे मराठी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जुनी पत्रिका, इतिवृत्त किंवा छापखान्यातला मजकूर उघडला आणि इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा अर्थहीन खिचडा दिसला, तर फाइल गेली म्हणून डिलीट करू नका. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरतो. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला, की शाबूत फाइलही अशीच दिसते. फाइल जिथे टाइप झाली तिथून फॉन्ट आणा, टाका आणि पुन्हा उघडा. वर्डची फाइल कधीकधी ‘झिप’ म्हणून निघते. तिची शेपटी बदलून ‘डॉक्स’ (docx) करा.

मिळालेलं सगळं दोन ठिकाणी कॉपी करा आणि तो पेनड्राइव्ह पुन्हा कामाला लावू नका. इमेज मात्र इतक्यात पुसू नका. ज्याचं काम, त्याने फाइल स्वतः उघडून बघायला हवी: बुवांनी रेकॉर्डिंग शेवटच्या गजरापर्यंत ऐकावं, बागायतदाराने हिशेबातली बेरीज ताडून बघावी. फाइल उघडली तरी मधला भाग गेलेला असू शकतो आणि तो परत शोधायचा तर इमेज लागतेच.